वाढतील ते खा

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चच्या समुदायातली, पंधरा-सोळा पोरं, एक ढोलक, एक गिटार, झांजा आणि त्यांच्यात एकटाच म्हातारा मी, असे एका टाटा मॅजिकमध्ये कोंबून नाताळची गाणी म्हणत रात्री गावोगाव फिरत होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात ख्रिस्ती घरं विखुरलेली आहेत. या गावात दोन, पुढच्या गावात एक, त्यापुढच्या चार गावांत एकही नाही. ख्रिस्ती घर आलं की उतरायचं, तीन गाणी, एक प्रार्थना, केकचा तुकडा, चहा, आणि परत गाडीत.

एका गावी असेच गाऊन निघालो, तर शेजारच्या ओट्यावर शाल पांघरून बसलेली म्हातारी म्हणाली, "काऊन वो गुरुजी, आमच्या दारात नाई गात तुमी? आमचं घर दिसत नाई का तुमाले?"

मी म्हटलं, "आजी, उशीर झाला."

खोटं बोललो. साडेनऊच वाजले होते. गाडी सुरू झाल्यावर एका पोराने खरं कारण सांगितलं, "सर, कोणी व्हिडिओ काढला अन् म्हटलं हे धर्मांतर करायले आले, तर?" त्यावर गाडीत कुणीच बोललं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. चर्चला जगात पाठवलेलं आहे, असं आम्ही दर रविवारी म्हणतो. पण विदर्भातल्या खेड्यात आम्ही नक्की कोण म्हणून जातो? माझं उत्तर काहींना आवडणार नाही, त्यांत आमचे काही पाळक, म्हणजे पाद्रीही आहेत. गेली पावणेदोनशे वर्षं आम्ही इथे यजमान म्हणून वावरलो. येशूने आम्हाला पाहुणे म्हणून पाठवलं होतं.

लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढून बघा. येशू सत्तर जणांना दोघादोघांनी गावोगाव पाठवतो. कसे? पैशाची पिशवी नको, झोळी नको, पायात वहाणा नकोत. एखाद्या घरात शिरलात की आधी 'या घरास शांती असो' म्हणा. त्याच घरी राहा, घरं बदलत फिरू नका. आणि तुमच्यापुढे जे वाढतील ते खा. ही शेवटची सूचना आपण वाचताना सहज ओलांडून जातो, पण माझ्या मते सगळ्यात अवघड तीच आहे. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाची रात्रीची भाकरी यजमानाच्या मर्जीवर असते. उपकार करण्याची सोयच त्याच्याकडे नसते. तो जे सांगेल, ते दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून सांगेल.

आमच्याकडे मात्र मिशन आलं ते कंपाऊंड घेऊन. जुनी मिशन कंपाऊंडं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. दगडी भिंत, लोखंडी फाटक, आत चिंचेची जुनी झाडं, कवेलूंचा उंच बंगला, त्याला भोवताली व्हरांडा, एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला बोर्डिंग, मध्ये चर्च. गाव फाटकाशी यायचं आणि आत काय मिळेल ते घेऊन परत जायचं. आत असलेला माणूस कितीही प्रेमळ असो, फाटक त्याच्या बाजूने उघडायचं.

मी हे कृतघ्नपणे लिहीत नाही, लिहिणार तरी कसा? माझी पणजी दुष्काळातली अनाथ पोर होती. 1896-97 आणि त्यानंतर 1899-1900 असे दोन दुष्काळ वऱ्हाड आणि मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. त्या काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात येऊन शेकडो मुली-विधवांना घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. माझी पणजी इथल्याच एका अनाथालयात वाढली. तिला अन्न मिळालं, अक्षर मिळालं, सुईणपणाचं शिक्षण मिळालं. मिशन नसतं तर हे लिहायला मी नसतो. पण एक गोष्ट माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सलते. तिचं गाव कोणतं, हे कुणीच लिहून ठेवलं नाही. नवं नाव लिहिलं, बाप्तिस्म्याची तारीख लिहिली. कोणत्या वावराच्या धुऱ्यावर ती सापडली, तिच्या मायचं नाव काय, याची नोंद नाही. जीव वाचवणाऱ्यांना तेवढी चौकशी करावीशी वाटली नाही. पाहुणा म्हणून आलेला माणूस आधी गावाचंच नाव विचारतो.

सगळेच तसे नव्हते. स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण हा स्कॉटिश पाद्री दगडगोटे, जीवाश्म आणि गोंडांची गाणी गोळा करत रानोमाळ हिंडायचा, हे कमी लोकांना माहीत असतं. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची गाथा त्यांनी उतरवून घेतली. 1863 साली टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांचे कागद मध्य प्रांताचे इंग्रज मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले. धर्म सांगायला आलेला माणूस दुसऱ्याची गाथा रात्र रात्र ऐकत बसतो, यात मला त्या सत्तर जणांची थोडी चुणूक दिसते. आमच्या संडे स्कूलमध्ये मात्र हिस्लॉप शिकवतात ते शाळा काढणारे म्हणूनच.

1910 साली एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. पश्चिमेकडच्या त्या गर्दीत व्ही. एस. अझरायाह हे तमिळ गृहस्थ बोलायला उभे राहिले. दोनच वर्षांनी ते दोर्नकलचे, म्हणजे आपल्या चंद्रपूरच्या दक्षिणेकडच्या तेलुगू मुलखाचे, बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप तेच. तुम्ही गरिबांना अन्नदान केलंत, देह झिजवलेत, हे सगळं मान्य करून ते शेवटी म्हणाले, आम्हाला मित्र द्या. सभेत चुळबूळ झाली म्हणतात. होणारच. देणाऱ्याला त्याच्या देण्याबद्दल दोष दिला तर तो सहन करतो, पण 'तू आमच्याकडे जेवायला कधी येतोस' असं विचारलं की त्याला उत्तर सुचत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ही बाजू मांडल्याशिवाय विदर्भात या विषयावर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. मिशनची सेवा हे आमिष आहे, हा आरोप जुना आहे, आणि त्याचा अधिकृत दस्तऐवज नागपुरातलाच. 1954 साली, विदर्भ मध्य प्रदेशात आणि राजधानी नागपूर असताना, रविशंकर शुक्लांच्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल 1956 मध्ये आला. पुढे 1968 चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा आणि आज इतर राज्यांत झालेले तसले कायदे यांच्या मागे त्या अहवालाची सावली आहे. महाराष्ट्रातही अशा कायद्याची भाषा होत आली आहे.

पण त्याच 1956 च्या ऑक्टोबरात, त्याच नागपुरात काय झालं? 14 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आणि दीक्षा घेणाऱ्यांत खुद्द नियोगीही होते. धर्मांतराची चौकशी करणारा न्यायाधीश काही महिन्यांत स्वतःच्या विवेकाने धर्म बदलतो! मला यात विसंगती दिसत नाही. माणूस विचार करून धर्म बदलू शकतो, याचा एवढा भक्कम पुरावा दुसरा कुठला हवा?

आकडेही पाहा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे 65 लाख, ख्रिस्ती 10 लाख 80 हजार, म्हणजे शंभरात एकही नाही. त्यातलेही बरेच मुंबई-वसई-पुण्याकडचे. बौद्धांच्या मागे ना परदेशी पैसा होता, ना दवाखाने, ना बोर्डिंग. आमच्याकडे शतकभर हे सगळं होतं. दुधाच्या भुकटीवर आणि औषधाच्या बाटलीवर गरीब धर्म बदलतो असं जे म्हणतात, त्यांच्या हिशेबाने विदर्भ केव्हाच ख्रिस्ती व्हायला हवा होता. औषध घेतलं, शाळा शिकला आणि आपल्या देवापाशी परत गेला, असं करणारा इथला माणूस आमिषाला भुलणारा नव्हता. त्याने पाहुणचार घेतला आणि मोकळा झाला.

म्हणजे हिशेब दोन्हीकडचे चुकले. आमच्या जुन्या अहवालांत 'आत्मे' मोजले जायचे, विरोधकांच्या अहवालांत 'बळी' मोजले जातात. दोघांच्याही वहीत गरीब माणसाला डोकं आहे ते केवळ मोजण्यापुरतं. येशूने या मोजणीवर स्वतःच कोरडा ओढलेला आहे. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात तो परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांना, म्हणतो, एक अनुयायी मिळवायला तुम्ही समुद्र आणि जमीन पालथी घालता, आणि तो मिळाला की त्याला तुमच्याहून दुप्पट नरकाचा धनी करता. हे वचन आमच्या सुवार्तिकांच्या, म्हणजे धर्मप्रचारकांच्या, शिबिरात मी कधी ऐकलेलं नाही.

1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातला धर्मप्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्यात या निकालाबद्दल नाराजी आहे, आणि त्याच्या आडून झालेल्या कायद्यांचा जाच खराच आहे. घरात प्रार्थनेला चार माणसं जमली तरी पाळकाला जीव मुठीत धरावा लागतो. तो जाच चूक आहे आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. पण नुसत्या तत्त्वाचा प्रश्न असेल तर माझं न्यायालयाशी भांडण नाही. कुणी कुणाचं मन फिरवू शकत नाही, ते पवित्र आत्म्याचं काम आहे, असं आमचीच शिकवण सांगते. मग तो हक्क मागायचाच कशाला? मागायचा तो ऐकणाऱ्याचा हक्क. त्याला पटलं तर बदलण्याचा, नाही पटलं तर न बदलण्याचा, आणि दोन्ही वेळी कलेक्टर कचेरीत न जाण्याचा.

बाबासाहेबांचा आमच्यावरचा आक्षेप याहून बोचरा होता आणि त्याला आम्ही आजवर उत्तर दिलेलं नाही. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ वरच्या जातींनीच जास्त घेतला, आणि अस्पृश्यांमधून ख्रिस्ती झालेला समाज आपल्या मागे राहिलेल्या भावंडांच्या लढ्यात उतरला नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. खरं आहे ते. फाटकाच्या आत आल्यावर आम्ही फाटक लावून घेतलं. 1950 च्या आदेशाने दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीच्या सवलती नाकारल्या हा अन्याय आहेच. पण त्या अन्यायाविरुद्ध बोलताना आम्हाला बौद्धवाड्यातला शेजारी आठवतो, एरवी नाही.

या मातीत पाहुणा होऊन राहिलेला एक ख्रिस्ती माणूस होता. जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडचा, परदेशात शिकलेला हिशेबनीस. गांधीजींच्या सांगण्यावरून ग्रामोद्योग संघाचं काम घेऊन 1935 च्या सुमारास वर्ध्याला मगनवाडीत येऊन राहिला. बैलघाणी, हातसडीचे तांदूळ, मधमाश्या, हातकागद हे त्याचे विषय. येशूच्या शिकवणुकीवर त्याने पुस्तक लिहिलं आणि चर्चच्या ऐश्वर्यावर टीकाही केली. एकालाही बाप्तिस्मा दिला नाही, द्यायचा अधिकारही त्याला नव्हता. पण प्रभूच्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर' गावच्या घाणीत आणि उखळात शोधायला जो वर्ध्यापर्यंत आला, त्याला आमच्या मंडळ्यांत कुणी ओळखत नाही. मी विचारून पाहिलं आहे.

आणि पाहुणा कसा असावा हे शिकायला ख्रिस्ती माणूसच हवा असंही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातातल्या खराट्याने गाव झाडायचे. मग कुणी भाकर दिली तर गाडग्यात घेऊन खायचे. कीर्तन त्यानंतर. झाडणं, खाणं, मग बोलणं हा क्रम लूकच्या दहाव्या अध्यायाच्या इतका जवळचा आहे की मला कधी कधी आमच्याच लोकांची लाज वाटते. आम्ही आधी स्पीकर लावतो.

स्पीकरचं निघालंच आहे तर सांगतो. आज कंपाऊंडचा काळ संपत आला आहे. परदेशी पैसा आटला. बरेच मिशन दवाखाने बंद झाले किंवा कसेबसे चालतात. काही जमिनींचे वाद कोर्टात आहेत आणि मंडळीच्या सभेत निम्मा वेळ सातबाऱ्यावर जातो. यवतमाळात 1953 पासून असलेली, पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरीसुद्धा 1983 साली पुण्याला गेली. जुनं मिशन असं आपल्याच भिंती राखत बसलं आहे. नव्या स्वतंत्र मंडळ्यांचं दुसरं टोक. फ्लेक्स, प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या चंगाई सभा, 'आंधळे पाहतील, लंगडे चालतील'. त्यांच्यातला उत्साह मी नाकारत नाही. आमच्या रिकाम्या बाकांपेक्षा तिथे दुःखी माणूस निदान रडू तरी शकतो. पण तोही मंडपच. माणसांनी आमच्याकडे यावं, घेऊन जावं. दगडी फाटकाच्या जागी कापडाची कमान आली, एवढंच.

मग बाहेर जाणं म्हणजे काय? यवतमाळच्या माणसाला हे उदाहरण लांबून आणायला लागत नाही. 19 मार्च 1986 ला चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. त्या दिवशी आजही अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. त्यात मंडळी म्हणून आम्ही कधी बसलो? आमच्याकडे उपास आहेत, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा काळ आहे, आणि तो नेमका बहुधा मार्चमध्येच असतो. 19 मार्च आमच्या उपासात पडतो आणि आम्हाला त्याचा पत्ता नसतो. कापणीच्या सणाला आम्ही कापूस, तूर, कोंबड्या वेदीपुढे आणतो आणि लिलाव करतो. बोंडअळीने पऱ्हाटी गेलेल्या शेजाऱ्याच्या ओट्यावर मात्र चार संध्याकाळी बसत नाही. काही द्यायला जायचं नाही. द्यायला आमच्याकडे आता आहे तरी काय? बसायचं, तो देईल तो चहा घ्यायचा. बँकेची नोटीस वाचून दाखव म्हणाला तर वाचायची. देवाचं नाव त्याने काढलं तर बोलायचं. येशूचा शिष्य पेत्र याने लिहिलंच आहे की तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. 'विचारलं तर' हे दोन शब्द आम्ही वगळून टाकले आहेत. विचारावंसं वाटेल इतकं जवळ आम्ही कुणाच्या असतो का?

आमचे तरुण पाळक यावर मला विचारतात, "गुरुजी, मग महाआज्ञेचं काय? जा आणि शिष्य करा, हे सोडून द्यायचं?" सोडायचं नाही. 'आम्ही फक्त समाजसेवा करतो, धर्माचं बोलतच नाही' असं आपले लोक पोलीस पाटलापुढे सांगतात, तेही मला आवडत नाही. ते खरं नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटत नाही. येशू मला आवडतो, त्याच्याबद्दल बोलायला मला आवडतं, हे मी कुणापासून कशाला लपवू? वारकरी तुकोबांबद्दल बोलतो, लपवतो का? नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं आणि 1917 साली 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मिशनरी मंडळींना ते पचणं जड गेलं. दोन वर्षांनी टिळकच गेले आणि दरबार उठला. तो पुन्हा भरवावा असं कुणाला वाटलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

पाळकांचा दुसरा प्रश्न जास्त गावठी आहे आणि म्हणून जास्त खरा. वाढतील ते खा म्हणता, मग महाप्रसाद? आमच्यात बहुतेक जण खात नाहीत. गावची पंगत बसते तेव्हा ख्रिस्ती घर दार लोटून आत बसतं, आणि गाव ते लक्षात ठेवतं. करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौलापुढे हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर आमचे दोन्ही पक्ष अर्धं अर्धं वापरतात. कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर पुढे वाढलेलं सगळं खा, चौकशी करू नका, असं तो लिहितो. लगेच पुढे म्हणतो की हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका, पण ते त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, तुमच्या नव्हे. माझं मत असं, की आपल्या गावात प्रसाद देणारी माय कसोटी घेत नसते, ती वाढत असते. मी खातो. माझे पाळक खात नाहीत. आमचं यावर भांडण झालेलं नाही, कारण ते निदान पंगतीत येऊन बसतात आणि पाणी वाढतात. तेही चालेल मला.

मागच्या डिसेंबरात आमची गाडी पुन्हा त्या गावात गेली. ठरलेल्या घरी गाऊन झालं आणि मी पोरांना म्हातारीच्या ओट्याकडे वळवलं. पाळकही सोबत होते. भिंतीवर गजानन महाराजांचा फोटो, खाली दिवा. टिळकांचा एक अभंग धरला. दुसऱ्या कडव्याला म्हातारीचा मुलगा उठला, तो गावच्या भजनी मंडळातला. "ढोलक इकडं आण बापू, ताल सुटून राह्यला तुवा," म्हणत त्याने आमच्या पोराच्या हातातून ढोलक घेतला आणि पुढची दोन्ही गाणी त्यानेच वाजवली. व्हिडिओ कुणी काढला असेल तर मला माहीत नाही.

मग परातीत सोलेभात आला. ताज्या तुरीच्या सोल्यांचा, वर तेलाची धार आणि बाजूला ठेचा. पाळकांनी फोटोकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. मग मांडी घालून बसले आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

त्या रात्री पुढची तीन घरं राहून गेली. खरंच उशीर झाला होता.